‘गेला असेल’ आणि ‘गेला असता’ : इंग्रजीत भूतकाळातील शक्यता नेमकेपणाने कशी मांडावी

‘तो गेला असेल’ आणि ‘तो गेला असता’ या दोन वाक्यांत मराठी बोलणाऱ्याची कधीही गल्लत होत नाही. पहिले वाक्य बोलणाऱ्याला तो गेला की नाही हे ठाऊक नसते. दुसरे वाक्य बोलणाऱ्याला तो गेला नाही हे पक्के ठाऊक असते आणि तो केवळ हुकलेल्या शक्यतेविषयी बोलत असतो. इंग्रजीत मात्र ‘ही कुड हॅव गॉन’ हे एकच वाक्य या दोन्ही ठिकाणी बसू शकते. शिवाय ‘मे हॅव’, ‘माइट हॅव’, ‘मस्ट हॅव’, ‘कान्ट हॅव’, ‘शुड हॅव’ आणि ‘वुड हॅव’ ही रूपेही समोर असल्यामुळे शिकणारा गोंधळतो आणि बहुतेक वेळा जे रूप जिभेवर आधी येईल ते वापरून मोकळा होतो.

व्याकरणाच्या पुस्तकांत सहसा ‘मे’, ‘कुड’, ‘मस्ट’ यांसारखे एकेक मोडल साहाय्यक क्रियापद घेऊन त्याचे अर्थ ओळीने दिलेले असतात. अर्थ पाठ होतात, पण बोलताना किंवा लिहिताना कोणते रूप निवडावे हे त्यातून उमगत नाही. माझ्या मते हा क्रमच उलटा करायला हवा. आधी बोलणाऱ्याला त्या घटनेविषयी आज काय ठाऊक आहे हे ठरवावे आणि मग त्या माहितीला साजेसे मोडल शोधावे. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १ : सांगाडा पक्का करा

भूतकाळातील शक्यतेची जवळजवळ सर्व वाक्ये एकाच साच्यातून निघतात: मोडल, त्यानंतर ‘हॅव’, त्यानंतर मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप. ‘शी मे हॅव लेफ्ट’ म्हणजे ती निघाली असेल. ‘दे माइट हॅव फरगॉटन’ म्हणजे ते कदाचित विसरले असतील.

या साच्यात ‘हॅव’ का येते हे समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात. ‘माइट’ हे मुळात ‘मे’चे आणि ‘कुड’ हे ‘कॅन’चे भूतकाळी रूप होते. आजच्या इंग्रजीत मात्र ‘शी माइट कम’ हे वाक्य उद्याविषयी असते. मोडलचे रूप बदलून भूतकाळ भरवशाने दाखवता येत नसल्यामुळे तो भार ‘हॅव’ आणि तिसरे रूप यांच्यावर टाकला जातो. मोडलनंतर येणारे क्रियापद नेहमी मूळ रूपातच असते, त्यामुळे कर्ता एकवचनी असो वा अनेकवचनी, तिथे ‘हॅव’च येते. ‘ही मे हॅज गॉन’ चूक आहे. ‘ही मे हॅड गॉन’ हेही चूक आहे. मराठी कानात ‘गेला होता’ घोळत असल्यामुळे ही दुसरी चूक आपल्याकडून विशेष होते.

तिसऱ्या रूपाऐवजी दुसरे रूप वापरणे ही आणखी एक नेहमीची चूक. ‘मे हॅव वेन्ट’ नव्हे, ‘मे हॅव गॉन’. ‘माइट हॅव टुक’ नव्हे, ‘माइट हॅव टेकन’. ‘कुड हॅव रोट’ नव्हे, ‘कुड हॅव रिटन’. ज्या क्रियापदांची दुसरी आणि तिसरी रूपे वेगळी आहेत तेवढीच पाठ करावी लागतात: सॉ आणि सीन, ब्रोक आणि ब्रोकन, फरगॉट आणि फरगॉटन, गेव्ह आणि गिव्हन. बाकीच्यांची दोन्ही रूपे सारखीच असल्यामुळे तिथे चुकायला वाव नाही.

एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण पुस्तकांत तो क्वचितच येतो. ‘शी हॅज लेफ्ट येस्टरडे’ हे वाक्य चूक असते, कारण प्रेझेंट परफेक्टबरोबर काल, परवा असा गेलेला नेमका काळ चालत नाही. हा नियम चांगला घोटलेले विद्यार्थी ‘शी मे हॅव लेफ्ट येस्टरडे’ लिहायलाही कचरतात. प्रत्यक्षात हे वाक्य निर्दोष आहे. मोडलनंतरचे ‘हॅव’ केवळ परफेक्टचे नसून साध्या भूतकाळाचेही काम करते, त्यामुळे त्याच्याबरोबर ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन १९९५’ असे कोणतेही कालवाचक शब्द बिनदिक्कत वापरता येतात.

पायरी २ : घटनेचा निकाल ठाऊक आहे का, हे विचारा

मोडल निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ती गोष्ट घडली की नाही, हे मला आज माहीत आहे का? उत्तर तीनपैकी एक येते. माहीत नाही, मी केवळ अंदाज करतो आहे. किंवा प्रत्यक्ष पाहिलेले नाही, पण पुराव्यावरून जवळजवळ खात्री आहे. किंवा घडले नाही हे माहीत आहे, पण घडू शकले असते. पहिल्या उत्तराला मराठीत ‘असेल’ किंवा ‘असावा’ येते, दुसऱ्याला ‘असणार’ आणि तिसऱ्याला ‘असता’. इंग्रजीत भाषांतर करण्यापूर्वी आपल्या मनातल्या मराठी वाक्याचे शेवटचे क्रियापद नीट ऐकावे. अर्धे काम तेच करून देते.

पायरी ३ : माहीत नसेल तर ‘मे हॅव’, ‘माइट हॅव’, ‘कुड हॅव’

किल्ल्या सापडत नाहीत आणि त्या कुठे राहिल्या हे आठवत नाही, अशा वेळी ‘आय मे हॅव लेफ्ट द कीज इन द कार’, ‘आय माइट हॅव लेफ्ट द कीज इन द कार’ आणि ‘आय कुड हॅव लेफ्ट द कीज इन द कार’ ही तिन्ही वाक्ये बरोबर आहेत आणि तिन्हींचा अर्थ ‘किल्ल्या मी गाडीत विसरलो असेन’ असाच होतो. ‘माइट’मध्ये ‘मे’पेक्षा शक्यता थोडी कमी असते असे शिकवले जाते. ते सर्वस्वी चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात अनेक इंग्रजी भाषक हा फरक पाळतही नाहीत, तेव्हा त्यावर वेळ घालवू नये. लक्षात ठेवण्याजोगा फरक आहे तो वळणाचा: अहवाल, बातमी, औपचारिक पत्र यांत ‘मे हॅव’ शोभते, तर बोलण्यात ‘माइट हॅव’ अधिक सहज वाटते.

प्रश्न विचारताना मात्र ‘मे’ बाजूला ठेवावे. ‘मे शी हॅव लेफ्ट?’ असे कोणी विचारत नाही. त्याऐवजी ‘कुड शी हॅव लेफ्ट?’ किंवा त्याहून मोकळेपणाने ‘डू यू थिंक शी माइट हॅव लेफ्ट?’ असे विचारतात. ‘कॅन’लाही या अर्थाने केवळ प्रश्नात आणि नकारात जागा आहे: ‘व्हेअर कॅन ही हॅव गॉन?’ म्हणजे हा गेला तरी कुठे असेल? साध्या होकारार्थी विधानात ‘ही कॅन हॅव गॉन’ चालत नाही.

तुटक उत्तर देतानाही ‘हॅव’ टिकवावे लागते. ‘डिड शी गेट द मेसेज?’ या प्रश्नाला नुसते ‘शी माइट’ म्हटले तर उत्तर अर्धवट राहते; ‘शी माइट हॅव’ म्हटले की ‘मिळाला असेल’ हा अर्थ पुरा होतो. प्रश्नात ‘वॉज’ असेल तर उत्तरात ‘बीन’ही सहसा घेतात: ‘वॉज ही अँग्री?’, ‘ही माइट हॅव बीन.’

पायरी ४ : पुरावा हाती असेल तर ‘मस्ट हॅव’ आणि ‘कान्ट हॅव’

सकाळी रस्ता ओला दिसतो आहे. पाऊस पडताना आपण पाहिलेला नाही, पण दुसरे कारण संभवत नाही. इथे ‘इट मस्ट हॅव रेन्ड इन द नाइट’ म्हणावे: रात्री पाऊस पडला असणार. ‘मस्ट हॅव’ ठाम असले तरी ते अनुमानच असते, हे विसरू नये. आपण स्वतः पाऊस पाहिला असेल तर ‘इट रेन्ड’ एवढेच म्हणतात. तिथे ‘मस्ट हॅव’ घातल्यास विधानाचा जोर वाढत नाही, उलट घटतो, कारण ऐकणारा समजतो की याने पाहिलेले नाही.

‘मस्ट’चा सक्तीचा अर्थ इथे मनात आणू नये. ‘त्याला जावे लागले’ हे सांगायचे असेल तर ‘ही मस्ट हॅव गॉन’ सर्वथा चुकीचे ठरते. त्याचा अर्थ ‘तो गेला असणार’ असा होईल. सक्तीचा भूतकाळ ‘ही हॅड टू गो’ असाच करावा.

उलट दिशेने खात्री असेल, म्हणजे ती गोष्ट घडलेली असणे शक्यच नाही असे वाटत असेल, तर ‘कान्ट हॅव’ किंवा ‘कुडन्ट हॅव’ वापरतात. ‘शी कान्ट हॅव फिनिश्ड इट, शी स्टार्टेड टेन मिनिट्स अगो’: तिने ते संपवले असणे शक्य नाही, सुरुवात करून दहाच मिनिटे झाली आहेत. ‘मस्ट हॅव’चा नकार ‘मस्टन्ट हॅव’ असा व्हायला हवा असे तर्काने वाटते आणि अमेरिकी बोलण्यात तो ऐकूही येतो, पण परीक्षेत आणि औपचारिक लेखनात ‘कान्ट हॅव’ हाच सुरक्षित मार्ग आहे.

याच जागी ‘वुड हॅव’चा प्रश्न येतो. ‘तो आत्तापर्यंत पोहोचला असेल’ याचे ‘ही वुड हॅव अराइव्ड बाय नाऊ’ असे भाषांतर मराठी भाषकांच्या इंग्रजीत सर्रास आढळते. अंदाजासाठी ‘वुड हॅव’ अगदीच वापरत नाहीत असे नाही, पण पुष्कळ वाचक हे वाक्य वाचून थांबतात आणि पुढे ‘इफ’ येण्याची वाट पाहतात, म्हणजे ‘पोहोचला असता, जर…’ असे त्यांना वाटते. ‘असेल’साठी ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ घ्यावे, भरवसा अधिक असेल तर ‘विल हॅव’ किंवा ‘मस्ट हॅव’ घ्यावे आणि ‘वुड हॅव’ हे ‘असता’साठी राखून ठेवावे. ‘शुड हॅव अराइव्ड बाय नाऊ’ हेही चालते. त्यात ‘एव्हाना पोहोचायला हवा होता’ अशी अपेक्षा असते, आणि तो पोहोचला की नाही हे पुढचे वाक्य सांगते.

पायरी ५ : ‘नॉट’ कशाला लागतो ते ओळखा

संपूर्ण विषयातील सर्वांत घातक जागा हीच आहे, कारण इथली चूक व्याकरणाची दिसत नाही. वाक्य शुद्ध असते आणि अर्थ मात्र पार बदललेला असतो. होकारार्थी वाक्यात ‘मे हॅव’, ‘माइट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ ही एकमेकांच्या जागी येऊ शकतात, हे आपण पाहिले. नकार आला की ही अदलाबदल बंद होते.

‘शी माइट नॉट हॅव सीन द लेटर’ म्हणजे तिने पत्र पाहिले नसेल. पाहिले असण्याचीही शक्यता आहेच. ‘शी कुड नॉट हॅव सीन द लेटर’ म्हणजे तिने पत्र पाहिलेले असणे शक्यच नाही. पहिल्या वाक्यात ‘नॉट’ मुख्य क्रियेला लागतो, दुसऱ्यात तो शक्यतेलाच नाकारतो. मराठीत हा भेद ताडून पाहण्यासाठी दोन चौकटी पुरेशा आहेत: ‘न झाल्याची शक्यता आहे’ आणि ‘झाल्याची शक्यता नाही’. आपले वाक्य पहिल्या चौकटीत बसत असेल तर ‘मे नॉट हॅव’ किंवा ‘माइट नॉट हॅव’ घ्यावे. दुसऱ्या चौकटीत बसत असेल तर ‘कुड नॉट हॅव’ किंवा ‘कान्ट हॅव’ घ्यावे.

याचा व्यवहारातील परिणाम लहान नसतो. एखाद्या सहकाऱ्याने हिशेब तपासला नसेल अशी शंका तुम्हाला नम्रपणे सुचवायची आहे आणि तुम्ही ‘ही कुडन्ट हॅव चेक्ड द फिगर्स’ असे लिहिता. वाचणाऱ्याला यातून ‘त्याने आकडे तपासलेले असणे शक्यच नाही’ असा जवळजवळ आरोप मिळतो. ‘ही मे नॉट हॅव चेक्ड द फिगर्स’ लिहिले असते तर ती शंकाच राहिली असती. वैद्यकीय टिपणे, तक्रारी, चौकशीचे अहवाल यांत तर हा फरक जबाबदारी कोणावर येते हेच ठरवतो.

संक्षेपांबाबत थोडक्यात सांगायचे तर ‘कुडन्ट हॅव’ आणि ‘कान्ट हॅव’ हे सर्रास चालतात, ‘माइटन्ट हॅव’ कमी ऐकू येते आणि ‘मे नॉट’चा संक्षेप आज व्यवहारात नाही, म्हणून तो पूर्णच लिहावा.

‘कुडन्ट हॅव’चे एक वेगळे रूप मात्र इथे अपवाद म्हणून नोंदवायला हवे. ‘आय कुडन्ट हॅव डन इट विदाउट यू’ या वाक्यात काम झालेले असते! ‘तुमच्यावाचून मला ते जमले नसते’ असा त्याचा अर्थ आहे. तसेच ‘द वेदर कुडन्ट हॅव बीन बेटर’ म्हणजे हवामान चांगले नव्हते असे नव्हे, तर याहून चांगले हवामान असूच शकले नसते. अशी वाक्ये दिसली की शेजारी ‘विदाउट’ किंवा ‘बेटर’सारखे तुलनेचे रूप आहे का ते पाहावे.

पायरी ६ : घडले नाही हे माहीत असेल तर

आता ‘असता’च्या प्रांतात येऊ. इथे ‘कुड हॅव’ आणि ‘माइट हॅव’ चालतात. ‘मे हॅव’ चालत नाही, किंवा काटेकोर लिहिणाऱ्यांना तरी चालत नाही.

‘आय कुड हॅव टेकन द अर्लियर ट्रेन, बट आय वेटेड फॉर यू.’ आधीची गाडी मला पकडता आली असती, पण मी तुझ्यासाठी थांबलो. संधी होती, ती वापरली नाही. ‘यू माइट हॅव बीन किल्ड!’ असे अपघातातून थोडक्यात वाचलेल्या माणसाला म्हणतात: तुझा जीव गेला असता. त्याच माणसाला ‘यू मे हॅव बीन किल्ड’ म्हणणे हास्यास्पद होईल, कारण ‘मे हॅव’ सांगते की निकाल अजून माहीत नाही, आणि तो माणूस तर समोर उभा आहे. वृत्तपत्रांत अशा जागी ‘मे हॅव’ आढळते हे खरे, पण चांगल्या संपादकाच्या नजरेत ते खटकतेच. ‘अर्लियर ट्रीटमेंट माइट हॅव सेव्ह्ड हिम’ वाचून कळते की तो दगावला. ‘अर्लियर ट्रीटमेंट मे हॅव सेव्ह्ड हिम’ वाचले तर तो वाचला आणि लवकर झालेल्या उपचारांनीच वाचला असावा, असा अर्थ निघू शकतो. एका मोडलमुळे माणूस जिवंत की मृत हेच बदलते.

गाऱ्हाण्याच्या सुरातही ही रूपे येतात. ‘यू कुड हॅव टोल्ड मी!’ म्हणजे मला सांगता आले असते की! ब्रिटिश बोलण्यात ‘यू माइट हॅव टोल्ड मी!’ असेही म्हणतात. ‘यू शुड हॅव टोल्ड मी’ याहून कडक आहे. त्यात ‘सांगायला हवे होते’ असा कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका आहे. सौम्य बोलायचे असेल तर ‘कुड’ वापरावे.

‘इफ’च्या वाक्यांत मराठीची रचना आपल्याला थेट खड्ड्यात नेते. ‘मला माहीत असते तर मी आलो असतो’ या वाक्यात ‘असते’ आणि ‘असतो’ अशी संकेतार्थी रूपे दोन्ही भागांत येतात, म्हणून शिकणारा ‘वुड हॅव’ही दोन्ही भागांत घालतो: ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.’ प्रमाण लेखनात अटीच्या भागात ‘हॅड’ आणि तिसरे रूप एवढेच येते: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’ मोडलला जागा केवळ निकालाच्या भागात आहे, आणि तिथेही निवड आहे. ‘वुड हॅव कम’ म्हणजे आलोच असतो, ‘कुड हॅव कम’ म्हणजे येऊ शकलो असतो, ‘माइट हॅव कम’ म्हणजे कदाचित आलो असतो.

राहिला ‘कुड हॅव’च्या दुहेरी अर्थाचा प्रश्न. बोलताना संदर्भ आणि स्वर यांतून तो सुटतो. लेखनासाठी मी एक साधी शिस्त सुचवतो: निकाल माहीत नसेल तेव्हा ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’ लिहावे आणि ‘कुड हॅव’ हुकलेल्या शक्यतेसाठी राखून ठेवावे. ही इंग्रजीची सक्ती नाही, पण हिने वाचकाचा गोंधळ टळतो.

पायरी ७ : चालू क्रिया, अवस्था आणि कर्मणी रचना

‘ती काम करत असेल’ हे मराठी वाक्य आत्ताविषयीही असू शकते आणि कालच्या संध्याकाळविषयीही. ‘ती आजारी असेल’ याचेही तसेच. मराठीत काळ बाजूच्या शब्दांतून कळतो, क्रियापद तेच राहते. इंग्रजीत ते बदलावेच लागते. आत्ताविषयी ‘शी मे बी वर्किंग’ आणि ‘शी मे बी इल’. कालविषयी ‘शी मे हॅव बीन वर्किंग’ आणि ‘शी मे हॅव बीन इल’. ‘शी मे बी इल येस्टरडे’ ही चूक इतकी वारंवार होते की कालवाचक शब्द लिहिला की मागे वळून ‘बी’चे ‘हॅव बीन’ केले का, हे तपासण्याची सवयच लावून घ्यावी.

क्रिया कर्त्याने केली की त्याच्यावर झाली, हे ‘बीन’नंतरचे रूप ठरवते. ‘ही मे हॅव बीन वॉचिंग’ म्हणजे तो पाहत असेल. ‘ही मे हॅव बीन वॉच्ड’ म्हणजे त्याच्यावर कोणाची तरी पाळत असेल. ‘द बॅग मे हॅव बीन स्टोलन’ म्हणजे पिशवी चोरीला गेली असावी. कोणी चोरली हे माहीत नसताना ही कर्मणी रचना फार उपयोगी पडते.

जाता जाता: ‘मेबी’ हा एक शब्द म्हणजे ‘कदाचित’, आणि ‘मे बी’ हे दोन शब्द म्हणजे ‘असेल’. ‘मेबी शी लेफ्ट’ हे बोलीत ‘शी मे हॅव लेफ्ट’च्या जागी चालते, आणि रचना आठवत नसेल तेव्हा सुटकेचा उत्तम मार्ग आहे.

पायरी ८ : ‘हॅव’ नको असते अशा जागा

भूतकाळ आणि शक्यता असे दोन्ही दिसले की ‘हॅव’ घालायचेच, असे मात्र नाही. एखादी गोष्ट पूर्वी अधूनमधून घडत असे, हे सांगताना नुसते ‘कुड’ येते. ‘लेटर्स कुड टेक वीक्स टू अराइव्ह’ म्हणजे पत्र पोहोचायला कधी कधी आठवडेच्या आठवडे लागत. इथे अंदाज नाही, हुकलेली संधी नाही. त्या काळाचे सर्वसाधारण वर्णन आहे.

एकदाच घडलेले आणि साधलेले काम सांगताना हे नुसते ‘कुड’ टाळावे. ‘शेवटी मला तिकीट मिळवता आले’ याचे ‘आय कुड गेट अ टिकेट’ होत नाही. ‘आय वॉज एबल टू गेट अ टिकेट’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू गेट अ टिकेट’ होते. नकारात ही अडचण उरत नाही: ‘आय कुडन्ट गेट अ टिकेट’ बरोबर आहे. पाहणे, ऐकणे अशा इंद्रियांच्या क्रियापदांनाही सूट आहे: ‘आय कुड हिअर देम’ म्हणजे मला ते ऐकू येत होते.

दुसऱ्याचे बोलणे अप्रत्यक्ष कथनात सांगताना ‘मे’चे ‘माइट’ होते. ती म्हणाली होती, ‘आय मे कम’. आपण सांगतो, ‘शी सेड शी माइट कम.’ इथे ‘माइट हॅव कम’ केले तर काळ एक पाऊल जास्त मागे जातो आणि ती ‘आलेही असेन’ म्हणाली असा विचित्र अर्थ होतो. मूळ बोलण्यातच ‘माइट हॅव’ किंवा ‘मस्ट हॅव’ असेल तर ते जसेच्या तसे ठेवावे.

पायरी ९ : कानाची तयारी

बोलण्यात ‘हॅव’ पूर्ण उच्चारले जात नाही. ‘कुडव्ह’, ‘माइटव्ह’, ‘मस्टव्ह’ असे काहीसे ऐकू येते, आणि घाईत शेवटचा ‘व्ह’ही गळून ‘कुडा’, ‘शुडा’ उरते. हा हलका उच्चार ‘चा, ची, चे’ या अर्थाच्या ‘ऑव्ह’ या शब्दाच्या हलक्या उच्चारासारखाच असल्यामुळे कित्येक जन्मजात इंग्रजी भाषकही ‘कुड हॅव’ऐवजी ‘कुड ऑव्ह’ असे लिहून बसतात. ते चूकच आहे. त्याचे अनुकरण करू नये. जाता जाता, ‘कुड’च्या स्पेलिंगमधला ‘एल’ मुळात नव्हताच. तो ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या देखादेखी नंतर आत शिरला.

पायरी १० : एकाच प्रसंगावर सराव

कोणत्याही प्रसंगात माहिती बदलली की मोडल बदलते, हे पाहण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. तुम्ही ईमेलने एक फाइल पाठवली आणि दोन दिवस उत्तर नाही. काहीच माहीत नसताना तुम्ही म्हणता, ‘दे मे नॉट हॅव रिसीव्ह्ड द फाइल’: त्यांना फाइल मिळाली नसेल. मग आउटबॉक्स उघडता तर ईमेल तिथेच अडकलेला दिसतो. आता शंका उरली नाही: ‘दे कान्ट हॅव रिसीव्ह्ड इट.’ का अडकला असेल? त्याच वेळी पाठवलेले बाकीचे ईमेलही गेलेले नाहीत, म्हणून ‘द कनेक्शन मस्ट हॅव फेल्ड.’ कदाचित जोडणी ठीक असून फाइलच फार मोठी असेल, असे सहकारी सुचवतो: ‘ऑर द फाइल माइट हॅव बीन टू लार्ज.’ एवढ्यात समोरून फोन येतो आणि मुदत टळून गेल्याचे कळते. निकाल आता ठाऊक झाला, म्हणून ‘वी कुड हॅव कॉल्ड देम’, फोन करता आला असता, आणि स्वतःला बोल लावायचा असेल तर ‘वी शुड हॅव चेक्ड.’

आता पुढील वाक्ये आधी स्वतः इंग्रजीत करून पाहावीत. ‘त्यांनी दिवा बंद केला नसेल.’ ‘त्याने हे एकट्याने केलेले असणे शक्य नाही.’ ‘काल दुपारी ती झोपलेली असेल.’ ‘अजून पाच मिनिटे थांबला असतास तर तुझी तिची भेट झाली असती.’ ‘पत्र चुकीच्या पत्त्यावर पाठवले गेले असावे.’

उत्तरे अशी: ‘दे मे नॉट हॅव टर्न्ड ऑफ द लाइट.’ ‘ही कान्ट हॅव डन धिस अलोन.’ ‘शी माइट हॅव बीन स्लीपिंग येस्टरडे आफ्टरनून.’ ‘इफ यू हॅड वेटेड फाइव्ह मोअर मिनिट्स, यू वुड हॅव मेट हर.’ ‘द लेटर मे हॅव बीन सेंट टू द राँग अ‍ॅड्रेस.’ पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यात ‘मे’ आणि ‘माइट’ यांची अदलाबदल केलेली असली तरी उत्तर बरोबर धरावे. चौथ्यात ‘माइट हॅव मेट’ लिहिले असेल तर ‘कदाचित भेट झाली असती’ असा अर्थ होतो, तेव्हा मूळ मराठी वाक्यात ‘कदाचित’ होते का, हे पुन्हा पाहावे.